तिसऱ्या पावलापर्यंत

सरांना भेटायचं तर पाठीमागूनच जावं लागे. शाळेच्या विज्ञानखोलीत ते दाराकडे पाठ करून, डोळे मिटून बसलेले असत. कुणी उंबरा ओलांडला की त्यांच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर टेकायचं. एक. दोन. तीन. तिसऱ्या पावलाला ते त्या माणसाचं नाव घ्यायचे. मी त्या शाळेत दोन वर्षं होतो; नाव चुकल्याचं मला आठवत नाही. तिसरं पाऊल पडण्याआधी नाव घेतल्याचंही आठवत नाही.

आमच्या हेडमास्तरांना दमा होता. ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असले तरी त्यांच्या खोकल्यानं अख्ख्या शाळेला कळायचं. सर त्यांच्यासाठीही बोट टेकवूनच बसायचे. एकदा हेडमास्तर चिडले.

"अहो, मी खोकत खोकत आलो. आता काय तोफ उडवू?"

"खोकला कोणाचाही असू शकते साहेब," सर डोळे न उघडता म्हणाले. "पहिल्या पावलानं कळते, कोणीतरी आलं. दुसऱ्यानं कळते, कोणीकडं चाललं. नाव तिसऱ्यावर."

"आणि चौथ्यावर?"

"चौथ्यावर तुमी माह्यासमोर असता. मंग उठून नमस्कार करतो." आणि खरंच उठून त्यांनी नमस्कार केला.

लढाई संपून वर्ष झालं होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. कारभार नागपूरहून चाले, पण आम्ही स्वतःला वऱ्हाडीच म्हणवत होतो. सर अमडापूरकडचे. लढाईत ते बंगालच्या किनाऱ्यावर रडारच्या यंत्रावर होते. हा शब्द तेव्हा गावात नवाकोरा होता आणि त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावला होता. सरांना भिंतीपलीकडचं दिसतं, असं पोरं ठामपणे सांगत. चिंचा पाडून पळणारी टोळी त्यांच्या घरावरून जाताना कमरेत वाकून जायची.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी बावीस वर्षांचा होतो, त्याच शाळेत मराठी शिकवत होतो आणि पत्रकांवर वाढलो होतो. आमच्या घरी पंचांग एक आणि पत्रकं ढीगभर. अक्षरओळख मला पत्रकांतूनच झाली; उजळणीच्या आधी 'गुलामी' हा शब्द वाचता येऊ लागला. बेचाळीसमध्ये माझा थोरला भाऊ तुरुंगात गेला आणि दोन वर्षांनी आला तो काठी टेकत. त्याच काळात हा माणूस पगार घेऊन सरकारची विमानं मोजत होता. असल्या माणसाशी काय बोलायचं? मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून बसायचो. त्यांनी ते एकदाही मनाला लावून घेतलं नाही. त्याचाही मला राग यायचा.

ते भाड्यानं राहत त्या घराच्या मातीच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, त्यांनी एक बांबू उभा केला होता. त्याच्या टोकाला लाकडी चौकट, चौकटीला आडव्या तारा. खालून दोरी ओढली की चौकट सावकाश फिरायची. गावात वीज नव्हती, त्यामुळे त्या तारांना काहीच जोडलेलं नव्हतं. घरमालकीणबाईंनी पहिल्या आठवड्यातच तिच्यावर लुगडं वाळत घातलं. सर संध्याकाळी दोरी ओढायचे आणि नऊवारी लुगडं पूर्वेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून पश्चिमेकडे गंभीरपणे फिरायचं.

"मास्तर, लवकर वाळते बरं का याच्यानं," मालकीणबाई खूश होऊन सांगत. "सगळ्या बाजूनं ऊन लागते."

"काय सापडतं त्यात?" मी एकदा कुत्सितपणे विचारलं होतं.

"काहीच नाही. सवय राहावी म्हणून फिरवतो," ते म्हणाले. "शोधणं सोपं आहे. रोज त्याच धीरानं शोधणं कठीण."

वर्गात मात्र ते वेगळेच होते. आवाज म्हणजे काय हे शिकवायला ते नववीचा वर्ग घेऊन गावाबाहेरच्या काळ्या कड्यापाशी जायचे. हातात दोन फळ्या, खिशात घड्याळ. फळ्या एकमेकींवर आपटायच्या, कड्यावरून आवाज परत येईपर्यंत घड्याळ पाहायचं आणि कडा किती लांब आहे ते काढायचं. मग पोरांना पावलांनी मोजून यायला लावायचे. उत्तर जुळलं की पोरं स्वतःच फळ्यांसाठी भांडत. एकदा मीही गेलो होतो, मुद्दाम खोड काढायला. शेजारच्या बरड माळावर एक म्हैस चरत होती. एका पोरानं तिच्याकडे तोंड करून फळ्या वाजवल्या.

"सर, म्हशीवरून काहीच नाई आलं!"

"आलं असंन. तुले ऐकू नाई आलं."

"मंग म्हैस हाय की नाई हे कसं समजावं?"

"पुन्हा वाजव. जवळ जाऊन वाजव. मऊ वाजव, जोरात वाजव. जशी म्हैस तशी फळी बदल," सर म्हणाले. तोवर म्हैस बुजून पळाली होती. वर्ग हसत सुटला. सर हसले नाहीत. खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी टिपलं.

ती वही मी पुढे पाहिली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले: काय दिसलं, काय वाटलं, काय निघालं. थंडीत गावावरून जाणारे करकोच्यांचे थवे, लांबच्या रस्त्यावरची धूळ, ढगांच्या मागून येणारा घरघराट, सगळं त्यात होतं. 'ईशान्येकडे काळा ठिपका. घार वाटली. पतंग निघाला.' पण तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच. मी म्हटलं, "सर, इतकी पानं कोरी?"

"जे निघालं नाही ते कसं लिहू?"

शाळेच्या छपरात वटवाघळं होती. हेडमास्तर त्यांना हाकलायच्या मागे. सर त्यांचे वकील. वटवाघूळ स्वतःच्या आवाजाच्या पडसादावर उडतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "लांब असताना ते सावकाश आवाज देते," ते सांगत, "भक्ष्याच्या जवळ गेलं की भराभरा. परिस्थिती पाहून आपली हाक बदलते. आमचं यंत्र ढ होतं. पाऊस असो, डोंगर असो, एकाच सुरात ओरडायचं. कान त्याचे आमीच पिळायचे. एक दिवस असं यंत्र येईल, की जे आधी भोवतालचं ऐकेल, मग ठरवेल कसं ओरडायचं. ढगात वेगळं, उन्हात वेगळं. अन् चुकलं तर स्वतःच शिकेल."

"आणि माणूस?" मी विचारलं.

"माणूस केव्हा शिकेल, ते मले काय माहीत बाप्पा."

आता गणपतची गोष्ट.

गणपत शाळेचा शिपाई. चाळिशीचा, उंच, काटक. घंटा देणं, फळे पुसणं, माठ भरणं ही त्याची कामं. बेचाळीसमध्ये आमचं पत्रकं काढायचं सायक्लोस्टाईल यंत्र शाळेच्या विज्ञानखोलीत, काचेच्या कपाटामागे लपवलेलं होतं. तीन जणांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी पोलीस आले ते सरळ त्या कपाटापाशीच गेले. माझा भाऊ त्याच दिवशी पकडला गेला. खोलीची किल्ली गणपतकडे असे. चार वर्षं माझ्या डोक्यात तेवढंच होतं: किल्ली गणपतकडे असे.

आणि एका शनिवारी मी त्याला पाहिलं. शनिवारी शाळा सकाळची. शाळा सुटल्यावर गणपत बाजाराची वाट सोडून, ओढ्याकाठानं गेला आणि पोलीस ठाण्याच्या मागच्या दारानं आत शिरला. समोरचं दार उघडं असताना, मागच्या.

मला दुसरं काय हवं होतं! रविवारी मी पत्रक लिहिलं. 'आपल्यातला घरभेदी' असा मथळा. गणपतचं नाव, त्याचं काम, ठाण्याचं मागचं दार, माझ्या भावाची काठी, सगळं आलं होतं. माझ्या लेखणीतून इतकं धारदार त्याआधी काही उतरलं नव्हतं, आणि याची मला पुरेपूर जाणीव होती. शाळेत आता प्रश्नपत्रिकांसाठी रीतसर सायक्लोस्टाईल आलं होतं. ते विज्ञानखोलीतच होतं. सुटीचा दिवस पाहून मी गठ्ठाभर प्रती काढल्या. शेवटची प्रत निघत असताना पाठीमागून आवाज आला.

"शाई जास्त झाली."

सर दारात होते. मला त्यांची पावलं ऐकू आली नव्हती. त्यांनी एक प्रत उचलली, उजेडात धरून वाचली, मग पुन्हा वाचली.

"केव्हा वाटणार?"

"उद्याच्या बाजारात. आणि तुम्ही थांबवायला आला असाल तर सांगून ठेवतो, सरकारची चाकरी केलेल्या माणसाकडून मी हे शिकणार नाही."

"थांबवत नाही," ते म्हणाले. स्टूल ओढून बसले. या वेळी तोंड माझ्याकडे होतं. "एक सांगतो. मंग तुझं तू ठरव."

त्यांच्या तोंडून लढाईची हकिगत मी ती एकदाच ऐकली. पडद्याच्या तळाशी उजेडाची एक ओळ असते, ते सांगू लागले. त्या ओळीवर बारीक बारीक टोकं थरथरत असतात. तिथली पोरं त्याला गवत म्हणत. ढग, लाटा, डोंगर, सगळ्याचं गवत होतं. त्या गवतातून एखादा कोंब वर आला की ते विमान. आपलं असेल तर विमानातली एक पेटी ओळख देते आणि तो कोंब ठरावीक वेळानं जाड होतो. परक्याचा होत नाही.

"पावसाळी दिवस होता. समुद्राकडून एक कोंब आला. मी पाहिलं, जाड नाही. पुन्हा पाहिलं, जाड नाही. वरून विचारणा होत होती, कोण आहे, लवकर बोला. नियम तीनदा पाहायचा. मी दोनदा पाहून बोललो, परका."

खोलीत शाईचा वास भरला होता. सर पत्रकाची घडी घालत होते, उलगडत होते.

"किनाऱ्यावरच्या तोफांनी पाडलं. आपलंच होतं. आधीच गोळ्या खाऊन, कसंबसं घरी येत होतं. ओळख देणारी पेटी फुटली होती त्याची. ज्याच्यात ओळख सांगायचं बळच उरलं नव्हतं, त्याले मी परका म्हटलं. त्या दिवशी आमच्या पंगतीत त्यातल्या एका पोराचं ताट वाढून तसंच राह्यलं."

त्यांनी प्रत गठ्ठ्यावर ठेवली.

"तू गणपतले एकदा पाहिलंस. मले तीन शनिवार दे. तिसऱ्यानंतरही तुले हेच वाटलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर बाजारात वाटायला येतो."

मी कबूल झालो. त्यांच्या गोष्टीनं विरघळलो म्हणून नव्हे. सरकारी माणूस माझ्यासोबत पत्रकं वाटताना कसा दिसेल, याचा मोह पडला.

पहिल्या शनिवारी आम्ही ओढ्याच्या अलीकडे लिंबाखाली उभे राहिलो. गणपत आला, इकडेतिकडे पाहिलं, मागच्या दारानं आत गेला. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी वही काढून पहिला रकाना भरला. दुसरा भरला नाही.

दुसऱ्या शनिवारी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कागदाची चिठ्ठी होती. ती त्यानं चार घड्या घालून फेट्यात खोचली. मी सरांचा दंड धरला.

"झालं ना! हुकूम घेऊन चाललाय. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

सरांचा चेहरा उतरला होता. "दोनदा जाड नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. माझी खात्री आहे, त्या घडीला त्यांनाही माझ्यासारखंच वाटत होतं. वाटलं तरी त्यांनी दुसरा रकाना कोरा ठेवला. परतताना ते एकाएकी थांबले.

"एक गोष्ट बसत नाही. इतर दिवशी गणपत टाच टेकवून चालते. धप्, धप्. शनिवारी घंटा दिली की त्याची टाच टेकत नाही. नुसता चवड्यावर. चुगली सांगायले जाणारा माणूस असा चालत नाही रे. असा तर मार खायले जाणारा पोरगा चालते."

"पावलांवरून माणूस सोडून द्यायचा?"

"सोडायचा नाही, धरायचाही नाही. आपण लांबून पाहून राह्यलो, तर गवतच दिसन. पुढच्या खेपेले जवळ जाऊ."

तिसऱ्या शनिवारी ते लिंबाखाली थांबलेच नाहीत. गणपत शाळेच्या फाटकातून निघाला तसे सरळ त्याच्या बरोबरीनं चालू लागले. मी चार हात मागे. गणपत ओढ्यापाशी थबकला.

"मास्तर, तुमी इकडं काऊन येऊन राह्यले?"

"तुह्यासंगं येतो."

"नका येऊ ना मास्तर. पाया पडतो तुमच्या."

"मी काही इचारत नाही गणपत. नुसता संगं येतो."

गणपतनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती; त्याला भीती वाटत होती ती माझी, सरांची नव्हे. मग त्यानं मान खाली घातली आणि चालू लागला.

ठाण्याच्या मागच्या अंगणात पाच-सहा माणसं उकिडवी बसली होती. गणपत जाऊन त्यांच्यात तसाच बसला. मी रोज पाहत होतो तो उंच, ताठ गणपत गुडघ्यांत मावला. पडवीत हवालदार मोठी वही उघडून बसला होता. एकेकाचं नाव पुकारत होता. नाव आलं की माणूस उठायचा, 'हाजीर' म्हणायचा, शाईत अंगठा बुडवायचा.

"गणपत्या! काऊन बे, उशीर? लाकडं फोडायची हायेत घरची, का तुह्या बापानं फोडून ठेवली?"

"हाजीर साहेब," गणपत म्हणाला.

मग हवालदाराला आम्ही दिसलो.

मला सगळं समजायला वेळ लागला, आणि जे समजलं ते असं. सरकारनं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या जमातीत जन्मला, की त्यानं काही केलेलं असो वा नसो, ठाण्यात हजेरी. परगावी मुक्काम करायचा तर पास. गणपत त्यांतला. शाळेत लागताना त्यानं जमात लपवली होती. कळलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. हवालदाराला ते ठाऊक होतं. तो गप्प राहायचा, आणि त्या गप्प राहण्याच्या बदल्यात गणपत शनिवारी त्याच्या घरची लाकडं फोडायचा. फेट्यातली चिठ्ठी म्हणजे पास. जानेफळला त्याच्या मुलीची सोयरीक ठरत होती. बापाला मुलीच्या साखरपुड्याला एक रात्र राहायला सरकारची परवानगी लागत होती.

परत येताना ओढ्यात उतरून गणपतनं अंगठ्याची शाई वाळूनं घासली. ती पूर्ण जात नव्हती.

"कपाटामागचं यंत्र मले माहीत होतं मास्तर," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "तुमच्या भाऊसाहेबांचं. म्या कोणाले नाई सांगतलं. म्या ठाण्यात तोंड उघडलं तं फकत हाजीर म्हणायले उघडतो."

मी घरी जाऊन भावाला विचारलं. तो बराच वेळ काठीशी खेळत राहिला. "कोणी सांगितलंच नसंल," तो शेवटी म्हणाला. "आपणच शाईचे बोळे विज्ञानखोलीच्या मागच्या खड्ड्यात टाकत होतो. आंधळ्यालेही दिसले असते." ते बोळे टाकायचं काम माझ्याकडे होतं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गठ्ठा जाळायला विज्ञानखोलीत गेलो. निखारे फुललेली शेगडी गणपतनंच आणून ठेवली होती. सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी कागद फाडून फाडून टाकत होतो. गणपत वाकून एक तुकडा उचलू लागला, मी तो ओढून घ्यायला गेलो, पण तोवर त्याच्या हातात आला होता. त्याला वाचता येत नव्हतं. शाळेत इतकी वर्षं फळे पुसले, पण त्यावरचं अक्षर त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. तरी तो त्या तुकड्याकडे पाहत राहिला. एका शब्दावर त्यानं बोट ठेवलं.

"हे माहं नाव हाय ना, मास्तर?"

मी हातातला कागद फाडायचा थांबलो.

"ठाण्यातल्या वहीत असंच राह्यते. दर शनवारी पाह्यतो म्या. याच्या म्होरं अंगठा लावतो."

"हो," मी म्हणालो. "तुझंच नाव आहे."

"काय लिहिलं हाय याच्यात?"

मी लेखक म्हणवतो स्वतःला. सत्य सांगताना कचरायचं नाही, असं मी किती पत्रकांत लिहिलं असेल! त्या दिवशी मी सांगितलं. अडखळत, खाली मान घालून, मथळ्यापासून. गणपतनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तो तुकडा त्यानं शेगडीत टाकला, आणि फुंकणीनं फुंकर घातली, कारण माझ्या हातून विस्तव मंदावला होता.

सरांचं बोट टेबलावर तसंच टेकलेलं होतं.

मला लगेच दुसरं पत्रक लिहायचं होतं. माणसाला जन्माआधीच गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्यावर, आणि गणपतचं उदाहरण देऊन. मी तसं म्हणालो. सर वळले.

"तुले पुन्हा त्याचंच नाव पाहिजे?" एवढंच म्हणाले.

मी नावाशिवाय लिहिलं. एका गणपतला मागे ठेवून सगळ्यांसाठी लिहिणं अवघड जातं. धार राहत नाही असं वाटतं. पण ते पत्रक मी अजून जपून ठेवलंय. आधीचं कुठलंच ठेवलेलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही दोघं गणपतच्या बरोबर जाऊ लागलो. लपून नाही, समोरच्या रस्त्यानं, समोरच्या दारानं. आत जाऊन पडवीतल्या बाकावर बसायचो. सर वही काढून शिसपेन्सिलीला टोक करायचे. हवालदाराला त्या वहीचं मोठं भय वाटे. तिच्यात करकोचे लिहिलेले असतात हे त्याला कोण सांगणार? पहिल्याच शनिवारी 'गणपत्या'चा 'गणपत' झाला. लाकडं फोडायचं नाव निघालं नाही. उरलेल्या माणसांनाही त्यानं सतरंजी टाकून दिली.

गणपतला ते फार दिवस रुचलं नाही. "लोक पाह्यतात मास्तर. तुमाले नावं ठेवतील."

"पाहू दे," सर म्हणायचे. "पुन्हा पुन्हा पाहतील तेव्हा कळन त्याहिले."

पण लोक पुन्हा पुन्हा पाहत नाहीत. एकदा पाहतात. दोन मास्तर दर शनिवारी ठाण्यात जातात; एक लढाईतला, दुसरा पत्रकवाला. सोबतचा शिपाई मास्तरांच्या कामानं जात असणार, असं सगळ्यांनी धरलं. गावानं आपला हिशोब लगेच जुळवला. माझ्या जुन्या सोबत्यांनी माझ्यासमोर बोलणं आवरतं घेतलं. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "ठाण्यात काय काम असतं तुम्हा दोघांचं?" सांगितलं असतं तर गणपतची नोकरी गेली असती. सर म्हणाले, "साहेब, आवाजाचा एक प्रयोग चालू आहे." हेडमास्तर खोकत राहिले.

घरी भावानं मात्र काही विचारलं नाही. शनिवारी मी निघालो की तो माझ्या वहाणा काठीनं पुढे सरकवून द्यायचा.

एका सोमवारी सकाळी शाळेत आलो तर विज्ञानखोलीच्या दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ठाण्याचे चुगलखोर. खाली माझं आणि सरांचं नाव. शुद्धलेखन निर्दोष होतं. माझाच कुणी विद्यार्थी असावा. सर ते दोनदा वाचून आत गेले आणि नेहमीसारखे पाठ करून बसले.

"आता आपण पडद्यावर आलो," आतून म्हणाले. आवाजात मजा होती.

मी तिथेच उभा होतो. गणपत ओलं फडकं घेऊन आला. भिंतीसमोर थांबला. वरपासून खालपर्यंत सगळ्या अक्षरांवरून त्याची नजर सावकाश फिरली. एकेक शब्द तो तपासत होता. मला कळलं तो काय शोधतोय.

"हे काय लिहिलं हाय, मास्तर?" तो म्हणाला. "माहं नाव तं नाई दिसत याच्यात."

"नाही गणपत," मी म्हणालो. "तुझं नाही."

त्यानं मान हलवली आणि फडकं भिंतीला लावलं. पुसून झाल्यावर तो घंटा द्यायला व्हरांड्यातून गेला. आत सरांचं बोट टेबलावर पडल्याचं मला ऐकू आलं. एक. दोन. तीन. गणपतची टाच टेकत होती.